झाकण मिटल्यापासून उघडेपर्यंत

ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात युझनिक्सची संगणक-सुरक्षा परिषद भरली होती. तीत दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय सुरक्षा संशोधन संस्थेतले सुंगहुन हान आणि त्यांचे तीन सहकारी यांचा एक निबंध होता. शीर्षकात ‘वाईट स्वप्न’ असे शब्द होते आणि विषय होता संगणकाची झोप. बटण दाबून सुरू होताना स्वतःची कसून झडती घेणारा संगणक झोपेतून उठताना तेवढा काटेकोर राहत नाही, इतकेच नव्हे तर आधीच्या झडतीचा अहवालही कुणाला बदलू देतो, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. त्यानंतर दुरुस्त्या आल्या, नियमावलीत बदल झाले. तरीही तो निबंध आज वाचण्यासारखा आहे, कारण त्यातल्या दोन दोषांपैकी एक कुणा प्रोग्रामरच्या नजरचुकीचा नव्हता. त्याला वाट नियमावलीनेच मोकळी ठेवली होती.

आधी झडतीबद्दल. अँटिव्हायरस असो की लॉगिनचा पासवर्ड, दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहिल्यावरच कामाला लागतात. त्याआधी फर्मवेअर चालते, फर्मवेअर बूटलोडरला उठवते, बूटलोडर कर्नलला मेमरीत आणतो. या साखळीत खाली कुठे कुणी शिरून बसला असेल तर वरच्या पहारेकऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण पहारेकऱ्याला काय दिसावे हे खालचाच ठरवतो. यावर तोड काढण्यासाठी १९९९ मध्ये मोठ्या संगणक कंपन्यांनी आघाडी केली. २००३ मध्ये तिच्या जागी ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुप ही संघटना आली आणि तिच्या नियमांनुसार मदरबोर्डवर टीपीएम नावाची चिप सर्रास बसू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ ने टीपीएम २.० सक्तीची केली, तेव्हा चांगला चालता पीसी ‘पात्र नाही’ म्हणून नाकारला गेलेल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

टीपीएम कुणाला अडवत नाही, ती फक्त नोंद ठेवते. प्रत्येक टप्पा पुढच्याच्या हाती सूत्रे देण्यापूर्वी त्याच्या कोडचा ठसा काढतो (एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला ठसा ३२ बाइटांचा असतो) आणि तो टीपीएमकडे देतो. टीपीएममध्ये पीसीआर नावाची २४ रजिस्टरे असतात. त्यांत हवा तो आकडा थेट लिहिता येत नाही. आधीची किंमत आणि नवा ठसा एकापुढे एक ठेवून त्यांचा पुन्हा ठसा काढायचा आणि तो नवी किंमत म्हणून ठेवायचा, एवढीच मुभा असते. दुकानाच्या रोजमेळात कालची शिल्लक आज पुढे ओढली जाते आणि मधली एक नोंद फिरवली की पुढचे सगळे आकडे फिरतात, तसाच हा हिशेब आहे. नको तो कोड एकदा चालला की त्याचा ठसा बेरजेत मिसळला. नंतर कितीही चांगले ठसे आणून ओतले तरी तो वेगळा काढता येत नाही. बूटच्या नोंदींची रजिस्टरे कोरी करायची तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि तेव्हा झडती पहिल्यापासून होते. सगळा भरवसा या एका गोष्टीवर आहे.

या आकड्यांच्या जोरावर मुख्यतः दोन कामे होतात. एक म्हणजे दूरच्या सर्व्हरला ‘मी अमुकच फर्मवेअर आणि अमुकच कर्नल घेऊन उठलो आहे’ असे टीपीएमच्या सहीनिशी सांगता येते. दुसरे म्हणजे एखादी किल्ली टीपीएमकडून सीलबंद करून घेता येते. पीसीआरचे आकडे ठरल्याप्रमाणे असतील तरच टीपीएम ती मोकळी करते. पासवर्ड न विचारता विंडोजची बिटलॉकर डिस्क उघडते ती अशी.

आता झोप. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय ही वीजव्यवस्थापनाची नियमावली आणली आणि संगणकाच्या अवस्थांना क्रमांक दिले. एस-३ ही त्यातली नेहमीची झोप. झाकण मिटले की प्रोसेसर बंद, डिस्क बंद, बहुतेक चिप्सची वीज तोडलेली. फक्त रॅमला तिच्यातला मजकूर टिकेल इतपत वीज मिळत राहते. म्हणून तर झाकण उघडताच अर्धवट टाइप केलेले पत्र जिथल्या तिथे सापडते. पण मधल्या काळात टीपीएमचीही वीज गेलेली असते आणि तिची रजिस्टरे विजेवरच जगतात. ती पुसली जाऊ नयेत म्हणून झोपण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टिमने टीपीएमला ‘अवस्था जपून ठेव’ असा आदेश द्यायचा. टीपीएम आकडे आपल्या कायमच्या मेमरीत ठेवते. उठल्यावर फर्मवेअरने ‘जपलेली अवस्था परत आण’ म्हणायचे, की आकडे पूर्ववत होतात.

झोपण्यापूर्वी हा आदेश कुणी दिलाच नाही तर? टीपीएम १.२ च्या नियमावलीत याचे उत्तर कडक होते. परत आणायला काही नसेल तर चिपने बिघाडाच्या अवस्थेत जायचे आणि संगणक नव्याने सुरू होईपर्यंत काम करायचे नाही. टीपीएम २.० लिहिताना हा कडकपणा सैल झाला. चिपने त्रुटीचा संदेश परत करावा आणि बूटच्या मुळाशी असलेल्या फर्मवेअरने योग्य ती कारवाई करावी, अशी अपेक्षा व्यक्त झाली. पण कारवाई कोणती, याचा खुलासा नाही. सरकारी परिपत्रकांतले ‘संबंधितांनी योग्य ती दक्षता घ्यावी’ हे वाक्य ज्यांनी वाचले आहे त्यांना पुढे काय झाले असेल हे सांगायला नको. नामवंत कंपन्यांच्या कित्येक यंत्रांत फर्मवेअरने तो संदेश ऐकला आणि काहीही न करता संगणक पुढे उठवला. टीपीएम चालू, रजिस्टरे शून्यावर.

इथून पुढचा मार्ग सोपा आहे, आणि तो थोडा जवळून पाहायला हवा. हल्लेखोराला कर्नलचे अधिकार मिळाले आहेत असे धरू. तो कर्नलमधला अवस्था जपण्याचा तेवढा आदेश गाळतो आणि यंत्राला झोपवतो. यंत्र उठते तेव्हा टीपीएमची पाटी कोरी. बूट होताना कोणते ठसे कोणत्या क्रमाने दिले गेले याची यादी ऑपरेटिंग सिस्टिमकडे साध्या मजकुरात असते, कारण ती कधीच गुप्त मानलेली नव्हती. निर्दोष संगणकावरून घेतलेली ती यादी हाताशी ठेवून तो एकेक ठसा टीपीएमला देत जातो. शेवटच्या ठशानंतर रजिस्टरांत नेमके तेच आकडे असतात जे स्वच्छ बूटनंतर असायला हवेत. टीपीएम त्यावर खरीखुरी सही करते. सही खोटी नसते, गणित मोडलेले नसते. फक्त ज्या घटनांची ती साक्ष देते त्या त्या यंत्रावर घडलेल्याच नसतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ज्याच्या हाती आधीच कर्नल आहे त्याला आणखी काय हवे? आक्षेप रास्त आहे, पण हान यांनीच त्याचे उत्तर पुढच्या वर्षी दिले. २०१९ मध्ये ब्लॅक हॅट युरोप परिषदेत त्यांनी ‘बिटलीकर’ दाखवले. चोरलेला लॅपटॉप स्वतःच्या यूएसबीवरून, स्वतःच्या लिनक्सने सुरू करायचा. त्या लिनक्सवर चोराचे पूर्ण अधिकार असतात, कारण ते त्याचेच असते. मग यंत्र झोपवायचे, उठवायचे, मालकाच्या विंडोजचे ठसे क्रमाने भरायचे आणि बिटलॉकरची किल्ली मागायची. टीपीएमला वाटते समोर मालकाचे विंडोज उभे आहे. बिटलॉकरला सुरू होण्याआधीचा पिन लावलेला असेल तर हा डाव तिथेच अडतो. निव्वळ टीपीएमवर सोडलेली डिस्क उघडते. आपल्याकडे कार्यालयांतून मिळणारे लॅपटॉप बहुधा या दुसऱ्याच प्रकारात मोडतात, कारण रोज सकाळी पिन टाकायला लावला की आयटी विभागाचा फोन वाजायला लागतो.

बाल्टिमोरच्या निबंधातला दुसरा दोष टीबूट या प्रोग्राममध्ये होता, आणि तो वेगळ्या कारणाने बोलका आहे. इंटेलच्या टीएक्सटी तंत्रावर बेतलेला टीबूट फर्मवेअरवर भरवसा ठेवायलाच नकार देतो. संगणक कसाही सुरू झालेला असो, प्रोसेसरच्या एका खास सूचनेने मध्येच सगळे थांबवायचे, टीबूट आणि कर्नल यांची मोजणी नव्याने करायची आणि ती १७ व्या क्रमांकापासूनच्या वेगळ्या रजिस्टरांत ठेवायची. ही रजिस्टरे बटण दाबल्यावर शून्यावर येत नाहीत, त्यांतले सगळे बिट १ असतात. त्यांना शून्यावर आणण्याचा अधिकार फक्त त्या खास सूचनेला. त्यामुळे वरची कोऱ्या पाटीची युक्ती इथे चालत नाही.

टीबूटच्या कर्त्यांना झोपेची जाणीव नव्हती असेही नाही. एस-३ मध्ये जाताना टीबूट मध्ये पडतो, कर्नलच्या मेमरीचा एक गुप्त किल्लीने बांधलेला ठसा काढतो, ती किल्ली टीपीएममध्ये सीलबंद करतो आणि सुरक्षित वातावरण रीतसर आवरतो. उठताना सगळे उलट क्रमाने: पुन्हा खास सूचना, पुन्हा मोजणी, किल्ली मोकळी, मेमरीचा ठसा जुळतो का ते पाहणे, मगच कर्नलच्या हाती ताबा. वाचताना वाटते की आता काय राहिले? राहिले ते असे, की आपल्या कामासाठी कुठल्या फंक्शनकडे जायचे याचे काही पत्ते टीबूट बदलता येण्याजोग्या चलांत ठेवत होता आणि तो भाग मोजणीत येत नव्हता. चालू कर्नलमधून ते पत्ते बदलून यंत्र झोपवले की उठताना टीबूट स्वतःच हल्लेखोराच्या कोडकडे जायचा. आणि तोही नेमका रजिस्टरे शून्यावर आलेली असताना. १.९.६ पर्यंतच्या आवृत्त्यांत हा दोष होता. पुढे दुरुस्ती झाली. एवढा विचार करून बांधलेल्या वाड्याची पडझड चार-दोन पत्त्यांमुळे झाली, यात कुणाला हिणवण्यासारखे काही नाही. सुरू होताना मेमरी कोरी असते म्हणून सुरुवातीची मोजणी सोपी जाते. उठताना मेमरीत आधीच्या तासांचा सगळा पसारा असतो आणि त्यातले काय मोजायचे, काय सोडायचे, हे माणसाने ठरवावे लागते.

फर्मवेअरची बाजूही फार वेगळी नाही. उठताना सगळी जुळवाजुळव पुन्हा करत बसले तर वेळ लागतो, म्हणून यूईएफआय फर्मवेअर पहिल्या बूटच्या वेळीच कोणत्या चिपच्या कोणत्या रजिस्टरात काय लिहायचे याची एक टिपणी करून ठेवते आणि उठताना ती घडाघडा वाचून काढते. २०१४ च्या अखेरीस रफाल वोयत्चुक आणि कोरी कॅलनबर्ग यांनी दाखवले की ही टिपणी अनेक यंत्रांत साध्या, कुणालाही लिहिता येईल अशा मेमरीत पडलेली असते. ती बदलली की फर्मवेअरच्या चिपवरची कुलुपे लागण्याआधीच आपला कोड चालवता येतो. पुढच्या वर्षी मे महिन्यात पोर्तुगालच्या पेद्रू विलासा यांना मॅकमध्ये आणखीच साधी गोष्ट सापडली. काही मॉडेल्स झोपून उठली की फर्मवेअरच्या चिपवरचे लेखनबंदीचे कुलूप लागतच नव्हते. टिपणी बदलण्याचीही गरज नाही, झाकण मिटून उघडले की काम झाले. ॲपलने जूनअखेरीस दुरुस्ती दिली. सुरू होताना लावायचे कुलूप उठतानाही लावायचे असते हे कुणाच्या यादीत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळे कोडचे झाले. रॅमचे दुखणे त्याहून जुने आहे. झोपेत रॅमला वीज मिळते म्हणजे डिस्कची किल्लीही तिथे उघडी पडलेली असते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी कीबोर्ड साफ करायच्या हवेचा डबा उलटा धरून रॅम उणे ५० अंशांपर्यंत थंड केली. वीज तोडल्यावर दहा मिनिटांनीही एक टक्क्यापेक्षा कमी बिट बदलले होते. त्यावर उतारा म्हणून सुरू होताना जुनी मेमरी पुसण्याची सोय फर्मवेअरमध्ये आली. २०१८ मध्ये एफ-सिक्युअर कंपनीच्या दोघा संशोधकांनी चिपला तारा जोडून ती सोयच बंद केली आणि झोपलेल्या लॅपटॉपमधून किल्ल्या बाहेर काढल्या. इथे कर्नलचा अधिकार लागत नाही, पासवर्ड लागत नाही. लॅपटॉप हातात असला आणि स्क्रू काढता आले की पुरे.

मग कुणी काय केले? नियमावलीतला संदिग्ध भाग पुढे सुधारला गेला, फर्मवेअरची अद्यतने आली, आणि हान यांच्या गटाने आपले यंत्र या दोषाचे बळी आहे का हे तपासणारे ‘नॅपर’ नावाचे साधन मोकळे केले. लिनक्सच्या मंडळींनी हायबरनेटबाबत घेतलेली भूमिका आम्हाला विशेष प्रामाणिक वाटते. हायबरनेटमध्ये रॅमचा सगळा मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद होते. सुरू होताना कर्नलची सही तपासली जाते, पण डिस्कवरून परत येणारा तो मजकूर कुणी बदलला नाही ना, याची खात्री करण्याची सोय नव्हती. नोव्हेंबर २०१९ मधल्या ५.४ या आवृत्तीपासून ‘लॉकडाउन’ हा सुरक्षेचा पर्याय लावला की कर्नल हायबरनेटच बंद करतो. सोय गेली म्हणून लोक चिडले, आजही चिडतात. पण ज्याची हमी देता येत नाही ते नको म्हणून सांगणे, हे ‘योग्य ती कारवाई अपेक्षित’ असे लिहून मोकळे होण्यापेक्षा बरे.

विंडोजच्या जगाने दुसरीच वाट धरली. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत एस-३ ठेवलेलेच नाही. त्याजागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ आहे, ज्यात यंत्र खऱ्या अर्थाने झोपत नाही, फक्त अगदी हळू श्वास घेते. त्यात फर्मवेअरमधून उठण्याचा टप्पा येत नाही, त्यामुळे आकडे जपणे आणि परत भरणे याचा प्रसंगही सहसा टळतो. पण हा उपाय सुरक्षेसाठी केलेला नव्हता, फोनसारखे चटकन जागे होण्यासाठी केलेला होता. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तासाभराने तापलेला आणि बॅटरी रिकामी झालेला का सापडतो, याचे एक उत्तरही तिथेच आहे. आणि डिस्कची किल्ली तर अख्खा वेळ रॅममध्येच राहते. मेमरीच सांकेतिक स्वरूपात ठेवणारे प्रोसेसर हा त्यावरचा खरा उपाय. एएमडी आणि इंटेल या दोघांकडेही ती सोय आहे. मात्र विकत घेतलेल्या मॉडेलमध्ये ती आहे का, आणि असली तर फर्मवेअरमध्ये चालू केलेली आहे का, हे पाहावे लागते.

घरी एक लॅपटॉप वापरणाऱ्याने यातल्या बहुतेक गोष्टींनी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. फर्मवेअरचे अद्यतन आले की ते टाळू नये, इतके पुरे. दुकानदार ‘बायॉसला हात लावू नका’ म्हणतो तो काळ मागे पडला. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये इतरांची माहिती असते त्यांची गोष्ट वेगळी. रुग्णांच्या फाइली, कर्जदारांची कागदपत्रे, चालू खटल्याची टिपणे घेऊन लोकलने किंवा विमानाने फिरणाऱ्यांनी झाकण मिटून उठायचे नाही, यंत्र बंद करायचे किंवा पिन लावून हायबरनेट करायचे. जोखीम मोठी असेल तिथे स्लीप बंद ठेवून पिन लावावा, असा सल्ला मायक्रोसॉफ्टच्याच मार्गदर्शनात आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल अडीचशे कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. चोरीला गेलेला लॅपटॉप तेव्हा बंद होता की झोपलेला, हा प्रश्न उद्या चौकशीत विचारला गेला तर त्यात नवल वाटू नये.

आमचा आग्रह मात्र खरेदी करणाऱ्यांकडे आहे. बँका, विद्यापीठे, शासकीय खाती हजारांनी लॅपटॉप घेतात आणि निविदेत ‘टीपीएम २.० आवश्यक’ ही ओळ आता नेमाने असते. तिच्याखाली आणखी तीन प्रश्न घालायला काही खर्च येत नाही. हे यंत्र एस-३ मध्ये जाते की मॉडर्न स्टँडबायमध्ये? अवस्था न जपता झोपवून उठवले तर टीपीएम आणि फर्मवेअर काय करतात, आणि याची चाचणी कुणी, कोणत्या आवृत्तीवर केली? उठताना फर्मवेअरच्या चिपवरची लेखनबंदी पुन्हा लागते याचा पुरावा काय? दोन-चार पुरवठादार पहिल्या खेपेला ‘लागू नाही’ असे उत्तर लिहून पाठवतील. ते स्वीकारायचे की परत पाठवायचे, हे तांत्रिक समितीच्या हातात आहे.